शिकागो ते लातूर, किती तास

कळंबच्या बसस्थानकासमोर माझं तिकिटांचं दुकान होतं. होतं म्हणते, कारण या दसऱ्याला मी ते बंद केलं. वीसएक वर्षं त्या खुर्चीवर बसले. आता जो तो आपल्या फोनवर तिकीट काढतो, आणि माझी पाठही धरते. लोकांना मी हीच दोन कारणं सांगते. तिसरं कारण असं की लोक मला जे विचारायचे, त्याची उत्तरं देऊन देऊन मी थकले. या अंकाच्या संपादकांनी दोनदा निरोप पाठवला, धंद्यातल्या गमतीजमती लिहा म्हणून. गमती आहेत, नाही असं नाही. पण त्या आठवायला बसलं की एक गोष्ट मधे येऊन उभी राहते. तीही लिहिल्याशिवाय इलाज नाही.

दुकान मूळ माझ्या मिस्टरांचं, झेरॉक्सचं. त्यांना शाळेत नोकरी लागली आणि शटरची किल्ली माझ्याकडं आली. आधी मी रेल्वेची तिकिटं काढून द्यायची. येडशीला, कुर्डुवाडीला जाऊन रांगेत उभं राहण्यापेक्षा लोकांना ते बरं पडायचं. मग आखातात जाणारी माणसं यायला लागली, आणि पुढं शिकलेली पोरं अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला जायला लागली. त्यांची तिकिटं, त्यांच्या आईबापांची तिकिटं, सुनेच्या बाळंतपणाला निघालेल्या सासवांची तिकिटं. आमच्या जिल्ह्यातून विमान गाठायचं तर आधी हैदराबाद नाहीतर पुणं गाठावं लागतं. म्हणजे विमानाच्या आधी आणि विमानाच्या नंतर बराच प्रवास असतो, आणि तोच कुणी मोजत नाही.

माझा सगळा धंदा खरं तर एवढ्याच घोटाळ्याचा होता. माणूस येऊन विचारतो, "किती लांब हाय?" त्याला मी काय सांगायचं? दोन विमानतळांमधलं अंतर असतं, ते किलोमीटरमधे. विमान हवेत असतं ते तास वेगळे. आणि आपल्या घराच्या दारातून निघून त्या घराच्या दारात पोचेपर्यंतचे तास आणखी वेगळे. स्क्रीनवर पहिले दोन आकडे चटकन दिसतात. तिसरा आकडा कुठंच लिहिलेला नसतो. तो मनानं काढावा लागतो. तीन तास आधी विमानतळावर, मधल्या विमानतळावर बसणं, पासपोर्टची रांग, सामानाची वाट, पुढं गाडी, गाडीचं पंक्चर. ज्याला खरी गरज असते त्याला हा तिसरा आकडाच हवा असतो, आणि विचारतो मात्र तो पहिल्या दोनांबद्दल.

परंड्याचा नवनाथ म्हणून एक गवंडी होता. दुबईला निघालेला. पहिल्यांदाच. मी त्याला सांगितलं, परंड्याहून हैदराबादला पोचायला तुला नऊ-दहा तास लागतील, आणि हैदराबादहून दुबई चार तासांच्या आत. तो माझ्याकडं बघतच राहिला. त्याला वाटलं मी उलट बोलले. मी पुन्हा सांगितलं तर जरा रागावलाच. म्हणाला, "एवढंच व्हय? मग घरची दोन दिवस झालं रडायलीय ती कशापायी?" आम्ही दोघंही हसलो. दोन वर्षांनी तो सुट्टीवर आला तेव्हा मुद्दाम दुकानात आला, खजूर घेऊन. म्हणाला, ताई, तुमचे चार तास खरे निघाले, पण साहेबानं सुट्टी द्यायला दोन वर्षं लावली, ती कुठं लिहिली नव्हती तुमच्या तिकिटावर.

आणि एक आमचे देशमाने सर. भूगोलाचे, निवृत्त. मुलीकडं शिकागोला निघाले होते. दिल्लीहून सरळ जाणारं विमान मी त्यांना दाखवलं, त्याचा मार्गही दाखवला, तर सर भांडायला उठले. पश्चिमेला जायचं तर विमान उत्तरेला बर्फात कशाला जातं, हा त्यांचा प्रश्न. भिंतीवरच्या नकाशात तर सरळ रेघ अरबस्तानावरून, आफ्रिकेवरून जाते. चार दिवसांनी सर काखेत शाळेतला पृथ्वीचा गोल मारून हजर, सोबत शिवणाचा दोरा. एक टोक दिल्लीवर धरलं, दुसरं शिकागोवर, आणि दोरा ताणला. तो आपोआप वर सरकला आणि बर्फावरून गेला. सर बराच वेळ त्या दोऱ्याकडं बघत होते. मग म्हणाले, "पोरांना मी आयुष्यभर सपाट पृथ्वीच शिकवली की हो." त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकांना हे दोऱ्याचं सांगायला लागले. अंतर बारा हजार किलोमीटर. जाताना वारा समोरून, म्हणून वेळ जास्त. येताना वारा पाठीशी, म्हणून साधारण साडेचौदा तास.

हे साडेचौदा तास मला पाठ होते. तेच मला नडले.

शिवलिंगआप्पांना कळंबमधे कोण ओळखत नाही? मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांची आडत होती. घरात बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी. त्यांच्या मंडळींना सगळा गाव अक्का म्हणायचा. त्यांना एकच मुलगा, मल्लिकार्जुन, म्हणजे मल्लू. तो अमेरिकेला पहिल्यांदा गेला त्याचं तिकीट मीच काढलं होतं, आणि नंतरची सगळीही. शिकागोपासून मोटारीनं तीन तासांवर कुठल्याशा गावात तो नोकरीला होता. दर दोन वर्षांनी यायचा. अक्का तो यायच्या आधी महिनाभर दुकानासमोरून जाताना हात करून विचारायच्या, विमान ठरल्याप्रमाणंच आहे ना. मी मान हलवायची.

एका उन्हाळ्यात अक्कांना छातीचा त्रास झाला. लातूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. आठवडा झाला तरी उतार पडेना. एका सोमवारी सकाळी मी शटर उघडलं आणि मल्लूचा फोन आला. तिकडं त्याची रात्र होती. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, येता येईल तेवढ्या लवकर या. एरवी कुठलं विमान ते तो स्वतः ठरवून सांगायचा, पण त्या दिवशी म्हणाला, माझं डोकं चालत नाही ताई, तुम्हीच बघा. मी बघितलं. तिकडच्या सोमवारी दुपारी शिकागोहून दिल्लीचं सरळ विमान होतं. त्यात एक जागा मिळाली. ते आपल्या मंगळवारी दुपारी दीडला दिल्लीत उतरणार होतं. मग पासपोर्टची रांग, सामान उतरवून घेऊन पुन्हा देणं, संध्याकाळचं हैदराबादचं विमान, आणि तिथून लातूरपर्यंत रात्रभर गाडी. मी गाडीही सांगून ठेवली. हिशेब सरळ होता. बुधवार उजाडताना तो आईपाशी पोचणार होता. मल्लूलाही मी तसंच सांगितलं.

त्यानंतर दोन-अडीच तासांनी आप्पा आले. लातूरहून एसटीनं, घरून कपडे न्यायला. घरी जायच्या आधी ते दुकानात आले. पांढरं धोतर चुरगळलेलं, कपाळावरची विभूती पुसट झालेली. खुर्चीवर बसले नाहीत, टेबलाला धरून उभे राहिले.

"ताई, किती लांब हाय ते?"

"बारा हजार किलोमीटर, आप्पा."

"तसं न्हवं. तासात सांगा."

"साडेचौदा तास लागतात विमानाला."

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. माझ्याकडं बघायला लागले. मी स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाले, "उद्या दुपारी दीडला उतरतो."

दिल्लीत, हा शब्द माझ्या तोंडात होता. समोर स्क्रीनवर लिहिलेलाही होता. तो मी बोलले नाही. का बोलले नाही याचा मी खूप विचार केला आहे. त्यांची दया आली, हे खरं. पण तेवढंच नव्हतं. दारात मुंबईच्या तिकिटासाठी दोघं थांबले होते, आणि आप्पांना दिल्ली, मग हैदराबाद, मग रस्ता असं सगळं उलगडून सांगायचं, त्यांचा चेहरा पडताना बघायचा, याचा मला कंटाळा आला. कंटाळा हा शब्द वाईट दिसतो. पण तोच खरा आहे.

आप्पा ताठ उभे राहिले. आल्यापासून पहिल्यांदाच. म्हणाले, "दीड. ती सारखं इचारायलीय. सांगतो तिला, उद्या दीडला येतोय म्हणून."

तेव्हा तरी मी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "पाणी घ्या, आप्पा."

मंगळवारी लातूरच्या दवाखान्यात काय झालं ते मला अक्कांच्या धाकट्या बहिणीनं, गंगूबाईंनी, नंतर सांगितलं. सकाळीच अक्कांनी त्यांच्याकडून केस विंचरून घेतले. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क मधेमधे काढून त्या वेळ विचारायच्या. कपाळावर विभूती लावायला लावली. पोरगं असं ओकंबोकं तोंड बघंल, म्हणाल्या. बाराच्या सुमाराला तांदळाची पातळ कण्हेरी आणली, ती दोन चमचे घेतली आणि बाकीची मल्लू आल्यावर त्याच्याबरोबर घेईन म्हणून ठेवायला सांगितली. दीड वाजला. त्या दाराकडं बघत राहिल्या. दोन वाजता गंगूबाई म्हणाल्या, रस्त्यात असंल. अडीचला पुन्हा तसंच म्हणाल्या. तीन वाजता त्यांनाही काही म्हणवेना.

साडेतीनला आप्पांचा मला फोन आला. आवाज शांत होता. "मल्लू आला न्हाय अजून," एवढंच बोलले.

मी सांगितलं. आप्पा, तो दीडला दिल्लीत उतरलाय. संध्याकाळी हैदराबादला येईल, मग गाडीनं उजाडताना तुमच्यापाशी. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांनी ते आत जाऊन अक्कांना सांगितलं. अक्कांनी ऐकलं की नाही कळलं नाही. गंगूबाई सांगत होत्या, चारच्या पुढं अक्कांनी वेळ विचारणं सोडलं. तोंड भिंतीकडं केलं. मल्लूचा अमेरिकेतला फोन इथं लागत नव्हता, विमानतळावरच्या वायफायला इथला नंबर हवा होता. त्यानं रांगेतल्या एका माणसाकडून फोन मागून घेतला तेव्हा साडेपाच झाले होते. आप्पांनी फोन अक्कांच्या कानाला लावला. मल्लू आई आई म्हणत होता, ते सगळ्यांना ऐकू येत होतं. गंगूबाई म्हणतात पापणी हलली. आप्पा म्हणतात नाही हलली. दिवस मावळताना त्या गेल्या.

बुधवारी उजाडताना मल्लू आला. बरोबर मी सांगितलेल्या वेळेला. फक्त लातूरला नाही, कळंबला, घरी. दुपारी माती झाली. मी गेले होते. बायकांमधे मागं उभी राहिले. आप्पा एकदा माझ्याकडं बघून गेले, त्यात मला काही वाचता आलं नाही.

दहाबारा दिवसांनी मल्लू परतीच्या तिकिटाला दुकानात आला. काम झालं, कागद त्याच्या हातात दिला. जाता जाता त्यानं विचारलं, "ताई, आप्पांना तुम्ही दीड वाजता सांगितलं होतं का?"

"सांगितलं होतं. दिल्लीत उतरायची वेळ सांगितली."

"मग बरोबरच होतं ते," म्हणाला, आणि पायरी उतरून गेला. त्यानं मला चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर मी एक पद्धत पाडून घेतली. अडचणीच्या प्रवासाला निघालेलं कुणीही असो, एका कागदावर दारापासून दारापर्यंत सगळं लिहून द्यायचं. कुठं किती थांबणं, कुठून गाडी. आणि शेवटी वर चार-सहा तास जास्तीचे टाकायचे, काही अडलं तर असू द्यावेत म्हणून. लोक म्हणायचे ताई फार काटेकोर. मला वाटायचं, आता माझ्याकडून तसं होणार नाही.

मग येडशीकडच्या एका घरात वडील अचानक गेले. मुलगी मेलबर्नला. भाऊ दुकानात आला, किती वेळ लागेल म्हणून. मी कागद लिहिला. सिंगापूरला थांबणं होतं, पुढचं विमान चुकलं तर एक दिवस जातो, तेही मी धरलं. त्याला परवा दुपार सांगितली. घरच्यांनी विचार केला, उन्हाळ्याचे दिवस, इतकं थांबता येणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं आटोपून घेतलं. मुलीचं कुठलंच विमान चुकलं नाही. ती त्याच दिवशी दुपारी दारात उभी राहिली. नंतर ती मला भेटायला आली, वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तसं अदबीनं बोलली. तिचं म्हणणं एवढंच होतं की घरच्यांनी चार तास कळ काढली असती, पण तुमच्या कागदावर परवा लिहिलेलं होतं.

मी कमी सांगितलं तेव्हाही चुकलं आणि जास्त सांगितलं तेव्हाही. त्या दिवसापासून मी या कामात मनानं नव्हते. पुढं पाच-सहा वर्षं दुकान चालवलं ते सवयीनं. कुणी विचारलं किती तास, तर मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवायची आणि म्हणायची, बघा, तुम्हीच वाचा.

आप्पा त्यानंतर दुकानात आलेच नाहीत. रस्त्यात दिसले तर नमस्कार व्हायचा. आडत त्यांनी पुतण्याकडं दिली. गेल्या श्रावणात, मी दुकान बंद करायचं मनात पक्कं केलं होतं तेव्हा, ते एका दुपारी काठी टेकत आले. मल्लू बोलावतोय म्हणाले, दोन-तीन महिने राहून येतो, थंडीच्या आत. पासपोर्ट पिशवीतून काढून टेबलावर ठेवला.

मी तिकीट बघायला घेतलं. म्हटलं, आता नाही बोलले तर पुन्हा वेळ येणार नाही. मी स्क्रीन बाजूला सारली.

"आप्पा, त्या दिवशी मी तुम्हाला दीड सांगितलं, तेव्हा मला ठाऊक होतं. तो बुधवारीच पोचणार होता. मी सांगितलं नाही."

आप्पांनी काठी दोन्ही हातांत धरली. बाहेर बार्शीची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. ती निघून गेली.

"मलाबी ठाऊक होतं," ते म्हणाले. "मल्लूनं सकाळीच फोनवर सांगितलं होतं, बुधवार उजाडंल म्हणून. मी एसटीत बसलो तवाच ठरवलं, ताईंना इचारू. म्हणलं त्या काय तरी कमी सांगतील. तुमी सांगितलं. मग पोराचं सोडलं आन् तुमचं धरलं."

इतकी वर्षं मी एकटीच ते घेऊन बसले होते, आणि मोंढ्यापलीकडं आपल्या ओसरीवर ते एकटे बसले होते. दोन गल्ल्यांचं अंतर. हलकं वाटलं असं मी म्हणणार नाही. मी एकटी नव्हते, आम्ही दोघं निघालो, एवढंच.

मग मी तिकीट काढलं. कळंबच्या दारापासून मल्लूच्या दारापर्यंत सगळे तास कागदावर लिहिले, कमी नाही आणि जास्तही नाही, आणि त्यांना वाचून दाखवले. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, मधे एकदा दिल्लीला किती बसावं लागेल ते पुन्हा विचारलं. कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. उठले. पायरीपाशी गेल्यावर भिंतीला हात लावून थांबले.

"सोमवारी मी जाऊन तिला सांगितलं, उद्या दीडला येतोय. त्या रातीला ती झोपली, ताई. आठ दिवसांत पहिल्यांदा नीट झोपली. तेवढं हिशेबात धरा."

मी मान हलवली. ते पायरी उतरून बसस्थानकाच्या बाजूनं गेले.

ती झोप मी धरते. पण दुसऱ्या दिवशीचे दीड ते साडेतीन, ते दोन तासही धरते. त्या दोन तासांचं काय करायचं ते ना मला कळलं, ना मला वाटतं आप्पांना.